मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

"होकार हलका बाई, नकार अवजड;
आधी घोटभर पाणी पी, मग ओठ उघड."

मावशी हे तोंडात टाचण्या धरून गुणगुणायची, शिवणयंत्राच्या तालावर. भाचीने तिच्याकडून शिवण उचललं, टाचण्याही उचलल्या. गाणं मात्र मागे राहिलं. टाचण्या तोंडात असल्या की माणूस नुसता हुंकार देतो, आणि हुंकारावर संसार कसा झोकात चालतो.

आज पहाटेच्या काळोखात डोंगर चढताना भाचीला ते गाणं आठवलं. पुढे नवरा होता, कपाळावर दिवा बांधून. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण अर्ध्या वस्तीला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. मास्तर निवृत्त झाले, गाडी गेली, ब्रेक पायातच राहिला. तिने भाजीत मीठ टाकायला हात नेला, की इकडे यांचा उजवा पाय दाबला जाई.

मग कॅम्पर व्हॅन आली. तिच्यात पलंग मोडला की टेबल व्हायचं, टेबल मोडलं की पलंग. म्हणजे एकाला झोप लागली की दुसऱ्याचा चहा बुडाला. पलंग इतका अरुंद, की कूस बदलायची तर दोघांनी मिळून. मास्तर अंधारात "एक, दोन, तीन" म्हणत, आणि अख्खा संसार डावीकडून उजवीकडे वळे. याला ते मोकळं आयुष्य म्हणत.

आता घर विकून कायमचं व्हॅनमध्येच राहायचं, असा त्यांचा बेत होता. तिला विचारलं तेव्हा ती कुणाच्या तरी झग्याची किनार टाचत होती. "हं," म्हणाली. मास्तरांनी तो अर्धा होकार धरला. उरलेला अर्धा शिखरावर, उगवत्या सूर्यासमोर घ्यायचा, म्हणून ही चढाई. घर घेणाऱ्याचा फोन आज सकाळीच यायचा होता.

घरात तिची एक खोली होती. पूर्वेला खिडकी, खिडकीशी यंत्र, भिंतीलगत कापड बेतायचं लांब टेबल, आणि फरशीच्या फटींत वर्षानुवर्षांचे रंगीत दोरे. तिथे सूर्य रोज आपल्या पायांनी येई. त्याच्यासाठी तिला कधी बूट घालावे लागले नव्हते. व्हॅनमध्येही यंत्राला जागा होती, मास्तरांनी हौसेने काढून दिली होती: बाकाखाली, गॅसच्या टाकीमागे. ते बाहेर काढायचं तर आधी स्वयंपाकघर उतरवावं लागे.

वाटभर मास्तरांचा वर्ग चालू होता. वळणावर आतल्या अंगाने ये, म्हणाले. थांबण्याआधी मागे बघ, म्हणाले. तिने बघितलं. मागे धुकं येत होतं, बिचारं शिस्तीत.

शिखरावर पोचले तर सूर्याचा पत्ता नाही. मास्तर डगमगले नाहीत. तो कुठून वर येईल, आधी कुठला रंग फुटेल, सगळं धुक्यात बोटाने दाखवू लागले. दाखवता दाखवता त्यांचा आवाज ओला झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या हातातल्या गाडीत बसलो, म्हणाले, एकदा आपल्या हाताने कुठे तरी जावं, एवढंच. तिला त्यांची माया आली. माया आली, की होकार आलाच. ओठांवर येऊन बसलासुद्धा.

तेवढ्यात धुकं विरलं. खाली व्हॅन दिसली, काडेपेटीएवढी.

"ते बघ आपलं घर," मास्तर म्हणाले. "फोन येईल आता. हो सांगू ना?"

तिने बाटली उघडली. घोटभर पाणी प्याली. तोंडात आज एकही टाचणी नव्हती.

"नाही, अहो. नका सांगू."

मास्तरांचा उजवा पाय खडकावर दाबला गेला. खडक हलला नाही, तीही थांबली नाही.

"व्हॅनने म्हणाल तिथे येईन. पण घर विकायचं नाही. मला माझी खोली हवी, आणि रात्रीची कूस माझी मला बदलायचीय, कुणी न मोजता."