समुद्राकडची खिडकी

मी समुद्राकडची खिडकी बोलतेय. गोड बोलेन असं वाटत असेल, तर विसरा. माझ्या मनात राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय.

सुताराने मला घाईघाईत उरकलं, म्हणून माझ्या फळ्यांत फटी राहिल्या. पण या खोलीत शिवणकाम करणारी मावशी राहायला आली. वाऱ्याचे महिने तोंडावर आले, की ती उरलेल्या चिंध्या वळून कात्रीच्या टोकाने माझ्या फटींत ठासायची. "आता चार महिने गप्प बसायचं," असा दमही द्यायची. एकोणीस वर्षं मी गप्प बसले. वाऱ्याने आकाशपाताळ एक केलं, तरी तिच्या मशीनवर थेंब पडू दिला नाही.

मग समुद्र बघायला माणसं यायला लागली. एक जोडपं शेजारच्या लॉजवर आठ दिवस उतरलं. आठही दिवस ऊन कोवळं, पाणी निळं. बाई बटण लावून घ्यायला आली आणि माझ्यापाशीच रेंगाळली.

"अहो, आपण इथेच राहायला येऊ या का?"

"येऊ की! माझं काम काय, कुठूनही होतं."

घरमालकाला जास्तीचं भाडं दिसलं. मावशीची एकोणीस वर्षं काही दिसली नाहीत.

मावशीला गोदामामागची अंधारी खोली मिळाली. मशीन हातगाडीवर चढवून झाल्यावर ती दारात थांबली. "ताई, खिडकीतल्या त्या चिंध्या आहेत ना..."

"हो हो, काढून टाकते. शी, किती घाण!"

बाईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मग मावशीनेही ते पुरं केलं नाही.

बाईने एकेक चिंधी उपसली, मला पांढरा रंग फासला. मी वाट बघत राहिले.

वारा आला त्या पहिल्याच दुपारी मी कडी सोडली. गादी, पुस्तकं, नवऱ्याचा कॉम्प्युटर, सगळं भिजवलं. हातचं काही राखलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई मावशीला बोलावून घेऊन आली.

"मावशी, कशा हो राहायचात तुम्ही इथे?"

मावशीने माझ्या रिकाम्या फटींवरून बोट फिरवलं. "आठ दिवसांत सगळं बघितलं होतंत ना, ताई?" म्हणाली आणि गेली. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

जोडपं महिन्याभरात पळालं. पण मावशीला कोणी परत बोलावलं नाही. घरमालकाने माझा फोटो काढून बाहेर पाटी लावली, "समुद्र दिसणारी खोली". माझ्या बिजागऱ्या गंजल्यात, एक फळी निखळत आलीय.

तुम्हीही याल. आठ दिवस राहाल, इथेच बिऱ्हाड करावंसं वाटेल. आधी माझ्या फटींत बोट घालून बघा. चिंध्या लागल्या, तर मावशी परत आली असं समजा आणि बटण लावून घेऊन सुखाने आपल्या घरी जा. नाही लागल्या, तर खुशाल सामान आणा. कडी माझ्याच हातात आहे.