जमादाराची पाठ

पयलंच सांगते, मला राग लवकर येतो आन् आला की लवकर जात न्हाई. माझ्या माहेरचे म्हणायचे, भागीला नवरा मिळंल पण तिचं ऐकणारा मिळायचा न्हाई. पण त्या साली जो राग आला, तसला राग त्याच्या आधी कवा आला नव्हता.

हैदराबादचं राज मोडून आमचा परभणी जिल्हा मुंबईला जोडला, त्याच्या पुढचा उन्हाळा. पोखर्णीच्या शिवारात चंद्रभान पाटलाच्या मोकळ्या रानात आमची मेंढरं बसवली होती. मेंढरं रातीला रानात बसली की लेंड्या पडत्यात, खत होतं, म्हणून कुणबी आमाला बोलावून घेत्यात. वाड्यावर, म्हंजी आमच्या मेंढरांच्या मुक्कामावर, आमी तिघं. मी, माझा नवरा आन् नवऱ्याचा थोरला भाऊ. नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई, पण तुमाला कळाय पायजे म्हणून एकडाव घेते, बिरू. थोरल्याचं नाव उमाजी, माझे भाया. कवा हलायचं, कुठं बसायचं, कोणतं मेंढरू विकायचं, सारा हुकूम त्यांचा.

आन् चौथा जमादार, आमचं कुत्रं. निजामाचे जमादार गेले, आता कुणाला भ्यायचं राहिलं न्हाई, म्हणून भायानंच हासत हासत त्याला हे नाव ठेवलं होतं. शेळीचं दूध बोटानं चाटवून मी त्याला वाढवला. काळा, छातीवर पांढरा, आन् भुकायला लय आळशी. उगं भुकायचा न्हाई, पण भुकला की समजायचं, काहीतरी आलंय.

आमच्यात धाकट्याच्या बायकोनं भायाशी बोलायचं नसतं. तोंडावर पदर घ्यायचा, भाकरी दगडावर ठेवायची आन् माघारी सरायचं. सहा वर्सं झाली होती मला नांदायला येऊन, एक सबूद मी त्यांच्याशी बोलले नव्हते आन् ते माझ्याशी. काही सांगायचंच झालं तर मी कुत्र्याला सांगायची. जमादार, मीठ संपलंय बरं का. भाया पाठमोरे बसून ऐकायचे, आन् पुढच्या बाजारला मीठ यायचं.

शिमग्याला आठ-नऊ दिवस होते. दिवस मावळायच्या टायमाला भाया ओढ्याकडून मेंढरं घेऊन आले. एक कोकरू कमी होतं. हुडकाय गेले तर बाभळीखाली कोकरू फाडून पडलेलं, आन् तिथंच उभा जमादार, तोंड रक्तानं भरलेलं. आता आमच्यात रीत हाय, मेंढराचं रक्त चाटलेलं कुत्रं दुसऱ्या दिवसाला ठेवायचं न्हाई. भायानं विचारलं न्हाई, बगितलं न्हाई. काठी उचलली आन् पाठीवर घातली. एकच घातली, पण कशी घातली म्हणून सांगू. मी वाड्यावर भाकरी थापत होते, मला तिथवर आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा पाण्याला ओढ्यात उतरला तर करंजीच्या जाळीत लांडगा मरून पडलेला. नरडं फोडलेलं. त्याच्या दातात कोकराची लोकर. तोंडावरचं रक्त लांडग्याचं होतं. जमादारानं लांडगा मारला आन् त्याचा इनाम म्हणून पाठ मोडून घेतली.

भाया आले, लांडगा बगितला, खाली बसले, पुन्हा उठले आन् मेंढरं घेऊन चालते झाले. एक सबूद न्हाई. चुकलं म्हणून न्हाई, वाईट झालं म्हणून न्हाई, काहीच न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला म्हणलं, तुमच्या भावाला तोंड हाय का न्हाई? तो म्हणला, थोरला हाय, जाऊ दे. सारा जलम त्याचा जाऊ दे म्हणण्यात चाललाय.

जमादार बाभळीखालीच पडून होता. पुढच्या दोन पायांवर अंग वढायचा, मागचे दोन पाय मातीत घासत यायचे. ते बगून मी पाटलाच्या वाड्याकडं गेले. पाटलाची बायको धुरपताबाई दयेची बाई. तिनं नवऱ्याला न विचारता गाडी जुंपून दिली. खाली कडबा, वर माझं लुगडं, त्याच्यावर जमादार, आन् परभणीच्या गुरांच्या दवाखान्यात नेला.

तिथला डॉक्टर मुंबईकडून नवा आलेला, पोरसवदा. बैलाच्या खांद्याचं गळू फोडायलाय तवर मी कुत्रं त्याच्या म्होरं ठेवलं. लोक हासले. मेंढक्याची बाई कुत्रं घेऊन दवाखान्यात आली म्हणून. डॉक्टर हासला न्हाई. त्यानं मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं, जमादारानं मान वळवून बगितलं. डॉक्टर म्हणला, ह्याला कळायलंय म्हणजे अजून आशा हाय. कण्याचं हाड चिरलंय आन् तुकडा आत रुतलाय, तो काढावा लागंल. कुत्र्याचं हे काम मी कवा केलं न्हाई, मेलं तर मला बोल लावू नका. मी म्हणलं, ज्याला बोल लावायचा तो वाड्यावर बसलाय, तुमी करा.

औषध हुंगवून निजवला, पाठ फाडली, चिंचोक्याएवढा हाडाचा तुकडा काढला आन् नऊ टाके घातले. मग मला बसवून समजावलं. एकवीस दिवस ह्याला उभं करायचं न्हाई. घडीघडीला कूस बदलायची, न्हाई तर खालची कातडी सडंल. मूत आपोआप होणार न्हाई, पोटाखाली दोन्ही हात घालून दाबून काढायचं, दिवसातून चार डाव. बाविसाव्या दिवशी पोटाखालून फडकं घालून उभं करून बगायचं. आन् तापल्या सळईनं डाग द्यायचा न्हाई. ते त्यानं दोनदा सांगितलं. लोक डाग देत्यात आन् चांगली होणारी जनावरं मारत्यात, म्हणला.

मी म्हणलं, कोण डागतंय.

वाड्यावर आले तर भायाचा हुकूम तयार. मला सांगायचा तो नवऱ्याकरवी. पाडव्याला वाडा पालमकडं हलणार, इथलं पाणी आटायलंय. तवर कुत्रं उठलं तर येईल संगं. न उठलं तर घोड्यावर घालून हालहाल करायचे न्हाईत, आन् मागं सोडून कोल्ह्याला घालायचं न्हाई. भाया सवता त्याला सोडवतील. सोडवतील म्हणजे काय ते मला कळलं. मी दिवस मोजले. डॉक्टरचे एकवीस, आन् पाडवा चोविसाव्या दिवशी.

मग मी बी ठरवलं. मेंढरं शेजारच्या रानात सरकली तरी मी चुलीजवळच्या आंब्याखालून हालले न्हाई. जमादाराला गवताचं आथरूण केलं, चारी बाजूंनी दगड लावले म्हणजे वढत जाऊ नये. कूस बदलायची, ताक पाजायचं, मूत काढायचं, धुवायचं. आन् भाया भाकरीला आले की जमादाराशी बोलायचं. आता मिठाचं बोलत नव्हते.

जमादार, म्हणायची, राखण करणाऱ्याची पाठ मोडत्यात बाबा आपल्यात, ध्यानात ठेव. जमादार, पुढच्या डावाला लांडगा आला की त्याला पाट टाकून वाढ, म्हणजे तुला कुणी मारायचं न्हाई. जमादार, तुझी पाठ मोडली तर शिवता तरी आली, काही जणांची जीभच मोडलेली हाय, तिला कुठला डॉक्टर टाके घालणार? भाया मान खाली घालून खायाचे. कवा अर्धी भाकरी टाकून उठायचे. मला त्याचा बी राग यायचा, भाकरी काय फुकट येती?

दहाव्या दिवशी दवाखान्यातला कंपाउंडर नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला आलता, त्यानं वाट वाकडी करून टाके काढले. जखम सुकली होती. पण पाय तसेच. पंधरावा गेला, सोळावा गेला. मी बोट दाबायची, जमादार वळून बगायचा, आन् पाय तसाच पडलेला. मी कुणाला सांगितलं न्हाई पण मला भ्या वाटाय लागलं होतं.

अठराव्या दिवशी दुपारी मी विहिरीवर घागर भराय गेले. येताना आंब्याखालून धूर दिसला. चूल तर मी इझवून गेले होते. घागर तिथंच टाकली आन् पळाले.

भाया जमादारापशी बसले होते. म्होरं गवऱ्या पेटवलेल्या, आन् हातात सळई, टोक लाल झालेलं. डाव्या हातानं जमादाराची मान दाबून धरलेली, आन् ते येडं कुत्रं त्यांचा हात चाटायलंय.

सहा वर्सं मी त्या माणसाच्या सावलीत पाय ठेवला नव्हता. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. पदर कुठं गेला मला ठाव न्हाई.

"ठेवा ती सळई खाली," मी म्हणलं.

भायानं माझ्याकडं बगितलं न्हाई. कुत्र्याकडंच बगत बोलले.

"माझी कंबर धरली होती तवा बापानं तीन डाग दिले. मी उठलो. हा बी उठंल. सहा दिवस राहिलेत पाडव्याला. न उठला तर मलाच मारावा लागंल. एकडाव मारलाय. पुन्हा हात उचलणं माझ्यानं व्हायचं न्हाई."

मला कीव आली न्हाई. खोटं कशाला बोलू, मला जास्तच राग आला. अठरा दिवस तोंडाला कुलूप, आन् उघडलं ते हातात सळई घेऊन.

"तुमी मोडलं, तर तुमीच नीट करा," मी म्हणलं. "पण ह्या सळईनं न्हाई. हात धुवा. इथं बसा. पोटाखाली दोन्ही हात घाला आन् मूत काढा त्याचं. अठरा दिवस मी काढलं, आता तुमी काढा."

वाड्याचा कारभारी, चार गावचे मेंढके ज्याच्या सबदावर उठत-बसत्यात, तो माणूस सळई मातीत खुपसून उठला, हात धुऊन आला आन् कुत्र्याच्या मागं गुडघ्यावर बसला. जमंना त्यांना. मी त्यांचे हात धरून जागा दावली. इथं, हळू, वरून न्हाई, बाजूनं. माझा नवरा मेंढरं घेऊन आला तर समोर हे. त्याच्या हातातला दोर गळाला. मागून मला म्हणला, तू भायाच्या हाताला हात लावलास, पाया पड त्यांच्या. मी म्हणलं, विहिरीवर घागर पडलीय ती आधी घेऊन या.

त्या दिवसापासून माझा पदर पुन्हा तोंडावर आला आन् तोंड पुन्हा बंद झालं. पण जमादाराचं काम भायाकडं राहिलं. मी लांब बसून कुत्र्याला सांगायची, जमादार, कूस बदलायची येळ झाली, काही जणांना ऊन कळत न्हाई. भाया उठून कूस बदलायचे.

बाविसाव्या दिवशी फडकं घालायचं होतं. मी लुगड्याचा पदर फाडाय घेतला, तवर भायानं डोक्याचा पटका सोडला. पाच हात लांब, लाल, लग्नातला. कुत्र्याच्या पोटाखालून घातला आन् दोन्ही टोकं धरून वर उचललं. मागचे पाय लोंबत राहिले. जिमिनीला टेकले, मुडपले. पुन्हा उचललं, पुन्हा मुडपले. तेविसाव्या दिवशी सकाळी उजवा पाय टेकला आन् तसाच राहिला. दुपारच्याला डावा. भाया उघड्या डोक्यानं उन्हात तसेच वाकून उभे, मी सावलीत बसून बगायली. पटका सोडला म्हणून काय झालं, मी मनात म्हणलं, पटका पुन्हा बांधता येतो.

पाडव्याला सकाळी घोड्यावर बाडबिस्तारा लादला. मेंढरं उठली. नवरा म्होरं गेला. जमादार आंब्याखाली दगडांच्या आत बसलेला. मी दगड बाजूला केले, दहा पावलं मागं सरले आन् हाक मारली.

तो उठला. मागचं अंग हालायलंय, शेपूट एका बाजूला, पण चार पायांवर. एक पाऊल, दुसरं. माझ्याकडं यायला निघाला आन् मधूनच वळला. मला सोडून तसाच लडबडत भायाकडं गेला आन् त्यांच्या पायाशी बसला.

सांगू का, त्या कुत्र्याचा बी मला राग आला. दूध माझं, अठरा दिवस माझे, आन् जाऊन बसला कुठं तर ज्यानं पाठ मोडली त्याच्या पायाशी. बेइमान, म्हणलं.

भाया खाली बसले. त्याच्या पाठीवरच्या वणावरून हात फिरवला. मग माझ्याकडं पाठ करून, पण मला ऐकू येईल असं, कुत्र्याला म्हणले,

"जमादार, माझा कसूर हाय. तुझ्या मालकिणीला सांग. आन् इचार तिला, ही काठी मोडून टाकू का?"

हे ऐकायसाठी मी चोवीस दिवस जळत होते. आता ऐकलं तर त्याचा बी राग आला मला. मी पदर ओढला.

"जमादार, त्यांला म्हणाव, दीडशे मेंढरं काय हातानं वळणार हाव? काठी ऱ्हाऊ द्या. फकस्त उचलायच्या आधी रगत कुणाचं हाय ते बगत जावा."

भायानं मान हलवली. पटका झटकून डोक्याला बांधला, त्याला अजून कुत्र्याचा वास येत होता. मग आमी तिघं पालमच्या वाटंला लागलो, भाया म्होरं, मधी जमादार आन् मागं मी, त्याच्या चालीनं.