चार बोटं कमी

थोरली तळ्याच्या काठावर पालथी झोपून भिंतीखालच्या फटीतून पलीकडे पाहत होती. एक गाल ओल्या फरशीला लागलेला, चष्मा नाकावरून घसरून पाण्यात पडायच्या बेतात. साठीनंतर असं झोपायचं म्हणजे आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागते, ती तिने केली होती. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आत्ताच तापायला लागलं होतं.

कालपर्यंत इथं फट दिसत नव्हती, कारण ती पाण्याखाली होती. नऊ वर्षांपूर्वी दोघी बहिणींनी घर वाटून घेतलं आणि परसात मधोमध भिंत घातली, तेव्हा वडिलांनी खणलेलं तळं नेमकं मध्ये आलं. तळ्याचे दोन भाग करायचे, तर एका भागात मासे जगतील आणि दुसऱ्यात डास. शेवटी गवंड्याने तळ्यावर एक लांब दगड आडवा टाकला, त्यावर भिंत उचलली आणि खालून पाणी मोकळं ठेवलं. माशांना कशाला भांडणात ओढता, असं तो म्हणाला होता.

तेव्हापासून कोई जातीचे सात रंगीत मासे दोन्ही घरी नांदत होते. सकाळी भिंतीची सावली थोरलीच्या बाजूला पडायची, म्हणून सकाळी सगळे इकडे. ऊन डोक्यावर आलं की ते दगडाखाली गार पाण्यात नुसते तरंगत राहायचे, आणि सावली पलीकडे सरकली की तिच्या मागोमाग धाकटीकडे जायचे. लाल-पांढरे, केशरी, आणि पाठीवर दौत सांडल्यासारखा एक, त्याचं नाव शाई. सकाळी माहेरी आणि दुपारी सासरी, अशी त्यांची चैन होती. थोरली सकाळी दाणे घालायची, धाकटी संध्याकाळी. गाळणीचा पंप थोरलीकडे, तर पाण्याचा नळ आणि पिंपं धाकटीकडे. पिंपात दोन दिवस निवलेलं पाणी धाकटी तळ्यात सोडायची, थोरली गाळणी धुवायची, आणि एकमेकींशी एक अक्षर न बोलता हा संसार सुरळीत चालला होता.

पण चार दिवसांपासून मासे सकाळी हावऱ्यासारखे येत होते. तिचा हात पाण्याजवळ जायच्या आत तोंडं वर करून बोटं चोखत होते. पहिल्या दिवशी तिने उन्हाळ्याला बोल लावला. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, आपणच दाणे कमी घालतोय. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की मासे पलीकडून उपाशी येताहेत. पाणीही रोज बोटभर उतरत होतं आणि कुणी भर घालत नव्हतं. धाकटी एकटी राहायची. घरी बसून छापखान्याची मुद्रितं तपासायची, त्या कामाला आवाज नसतो. ती आहे की नाही, हे भिंतीअलीकडून कळायला काही मार्गच नव्हता. पलीकडचं दार दुसऱ्या गल्लीत उघडायचं, चालत सात मिनिटं. काल थोरलीने दोनदा पायात चपला घातल्या होत्या आणि दोनदा काढून ठेवल्या होत्या.

फटीतून आधी नुसता उजेड दिसला. पाण्यावरून उठलेली उन्हाची जाळी दगडाच्या पोटाला लागून हलत होती. खालून शाई संथपणे पलीकडे गेला आणि जाळी तेवढ्यापुरती मोडून पुन्हा जुळली. नजर बसली तसे खुर्चीचे पाय दिसले. कुबडीचं रबरी टोक दिसलं. मग एक निळी सपाता, आणि तिच्या शेजारी पांढऱ्याफेक प्लास्टरातलं पाऊल. प्लास्टरातून बोटं बाहेर आली होती आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं. वडिलांचं तसंच होतं. ते बोट हललं, आणि थोरलीला एकदम रडू आलं. रडू आलं याचा रागही आला.

"पाय कुठे मोडून घेतलास?" तिने विचारलं.

खुर्ची करकरली.

"कोण आहे?"

"वर काय बघतेस, खाली बघ. दगडाखाली."

मग कुबडी जरा सरकली.

"ताई?"

धाकटीने हळूहळू सगळं सांगितलं. वरच्या फळीवरचा शब्दकोश काढायला ती स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं, घोटा मोडला. छापखान्यातल्या माणसाने दवाखान्यात नेलं. चार दिवस अंथरुणातच होती, आज पहिल्यांदा परसात येऊन बसली होती. वाकता येत नव्हतं, बादली उचलता येत नव्हती, आणि दाण्यांचा डबा वर माळ्यावर राहिला होता. मासे उपाशी आहेत हे तिला आत झोपूनही माहीत होतं, असं ती म्हणाली.

"कुठला शब्द बघायचा होता?" थोरलीने विचारलं.

"तेच आता आठवत नाही."

थोरलीला हसू आलं. ते तिने गाल फरशीला दाबून आवरलं. नऊ वर्षांत ती या आवाजाला विसरली आहे असं तिला वाटत होतं, पण पाण्यावरून येणारा तो आवाज तिच्या गालाखाली असल्यासारखा जवळ होता. मासे एकेक करून दगडाखालून जात-येत होते. पंपाची बारीक घरघर चालू होती. असंच पडून राहिलं तर आपल्याला झोप लागेल, आणि जागं होऊ तेव्हा बाबा वही घेऊन काठावर बसलेले असतील, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

ते मोजणी खात्यात होते. घरात मोजणं रक्तातच होतं. तळ्यातलं पाणी किती, ते किती दिवसांनी बदलायचं, माशांना कोणत्या महिन्यात किती दाणे, सगळं त्यांच्या वहीत होतं. त्यांच्या सर्वांत जुन्या माशाचं नाव मुकादम, कारण तो पुढे निघाला की बाकीचे मुकाट मागून जायचे. बाबा गेले त्याच्या तेराव्या का चौदाव्या दिवशी मुकादम आजारी पडला. त्याला टबात वेगळा ठेवला. थोरली तेव्हा दवाखान्याच्या औषधखिडकीवर कामाला होती. संध्याकाळी घरी येऊन तिने वहीतला आजारी माशाचा उपाय पाहून पितळी काट्यावर नऊशे ग्रॅम मीठ मोजलं आणि टबात विरघळवलं. सकाळी मुकादम उलटा तरंगत होता. धाकटी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत म्हणाली होती, तू मोजायला चुकलीस. एवढंच. पण पंचवीस वर्षं लोकांच्या जिवाचं मोजून देणाऱ्या बाईला याहून वाईट बोलता येत नाही, आणि ते तिच्या बहिणीला चांगलं माहीत होतं.

"ताई, एक सांगायचंय," पलीकडून धाकटी म्हणाली. पाऊल हलायचं थांबलं होतं. "मुकादमाच्या टबात त्या दिवशी मीपण मीठ घातलं होतं."

थोरलीने मान उचलली नाही.

"कधी?"

"सकाळी. तू कामावर गेलीस आणि लगेच."

"किती?"

"नऊशे. बाबांच्या वहीत बघून."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. तोवर वाटत होतं, माझं मीठ चाखून तू वरून थोडंच घातलं असशील. मग कचऱ्याच्या डब्यात मिठाच्या दोन रिकाम्या पिशव्या दिसल्या. एक माझी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"संध्याकाळी बोलू म्हटलं. संध्याकाळी तू गवंड्याला घेऊन आलीस."

थोरली उठली. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग भिंतीला हात धरून ती उभी राहिली. पलीकडून ताई अशी हाक आली, पण ती घरात निघून गेली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी तिने भाजी करपवली. फळीवरचे डबे उगाचच खाली काढले आणि पुन्हा लावले. राग असा की कुणावर काढावा ते कळेना. मुकादम मेल्यानंतर ती खिडकीवर प्रत्येक गोष्ट तीनतीनदा मोजायला लागली होती. बाहेर रांग वाढायची, आत गोळ्या पुन्हा पालथ्या व्हायच्या. लोक कुरकुरायचे. एकदा मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन, थकला आहात का, असं फार गोड आवाजात विचारलं. निवृत्तीला तीन वर्षं असताना तिने राजीनामा दिला आणि सगळ्यांना गुडघ्यांचं कारण सांगितलं. पितळी काटा टॉवेलात गुंडाळून कपाटात टाकला. त्यानंतर माशांचे दाणेसुद्धा ती एकेक मोजून घालायची, कारण एकेक मोजण्यात चुकायला जागा नसते. ही सगळी वर्षं तिने स्वतःच्या हातावर संशय घेत काढली होती, आणि पलीकडे बसून जगाच्या चुका शोधणाऱ्या बाईला खरं काय ते ठाऊक होतं.

दुपारी ती आडवी झाली. पंखा फिरत होता, पडद्यातून ऊन हिरवं होऊन खोलीत येत होतं आणि छतावर हलत होतं. आपण तळाशी पडलोय आणि वरून कुणीतरी संथपणे चाललंय, असं तिला वाटत राहिलं. झोप लागली नाही. आता सावली सरकली असेल, मासे पलीकडे गेले असतील आणि तोंडं वर करून थांबले असतील, हे मात्र डोक्यातून जाईना.

चारच्या सुमारास ती उठली आणि कपाटातून काटा काढला. टॉवेल सोडला. पारडी चिंचेने घासली, साखळ्यांचा गुंता सोडवला. एका पारड्यात शंभराचं वजन ठेवलं, दुसऱ्यात पन्नासाची दोन. काटा थोडा डोलला आणि मधोमध उभा राहिला. तिने वजनं काढली, पुन्हा ठेवली. तो पुन्हा मधोमध उभा राहिला. तो चुकला नव्हता आणि तीही चुकली नव्हती. स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर उभी राहून ती मोठ्याने रडली, आणि रडून झाल्यावर तिने दाण्यांचा डबा पुढे ओढला. दाणे एकदाच मोजले.

परसात येऊन ती पुन्हा पालथी झोपली. या वेळी गुडघ्यांना विचारलं नाही. फटीतून खुर्चीचे पाय दिसत होते, सपाता दिसत होती, प्लास्टरही दिसत होतं.

"छोटे, सकाळपासून इथेच आहेस?"

"जेवायला आत गेले होते." मग जरा थांबून, "दोन घास."

थोरलीने दाणे एका पसरट डब्याच्या झाकणात ओतले, झाकण पाण्यावर ठेवलं आणि बोटाने फटीकडे ढकललं. ते दगडाखाली गेलं आणि तिथेच रेंगाळलं. मग खालून कुणाची तरी पाठ लागली, बहुधा शाईची, आणि झाकण गोल फिरत पलीकडच्या उन्हात निघालं. कुबडी पाण्यात उतरली आणि तिने त्याला हळूच काठाशी ओढलं. धाकटीच्या खुर्चीने मोठा करकराट केला, पण हात पोचला असावा.

"किती आहेत?" तिने विचारलं, आणि विचारून बसल्यावर जीभ चावली.

"चाळीस ग्रॅम," थोरली म्हणाली. "मोजलेत."

पाण्यावर दाणे पडल्याचा आवाज आला, पाऊस मोजून पडावा तसा. मासे तुटून पडले. त्यांच्या शेपट्यांनी उजेडाची जाळी पार विस्कटली, आणि थोरलीच्या तोंडावर पाणी उडालं. तिने ते पुसलं नाही.

"ताई, तू नोकरी लवकर सोडलीस म्हणून ऐकलं होतं. छापखान्यातल्या कुणीतरी सांगितलं. गुडघ्यांमुळे ना?"

थोरलीच्या ओठांवर सगळं आलं. रांग आली, पालथ्या केलेल्या गोळ्या आल्या, मोठ्या डॉक्टरांचा तो गोड आवाजही आला. पलीकडे प्लास्टरातलं लांब बोट स्थिर होतं, श्वास धरून बसल्यासारखं.

"हो," ती म्हणाली. "गुडघेच."

"आणि दिवसातून दोनदा अशी पालथी झोपतेस?"

"माझीपण मुद्रितं तपासायला घेतलीस वाटतं."

पलीकडून हसू आलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मासे खाऊन निवले होते. ते आता दगडाखालून सावकाश फिरत होते, डोकं एकीकडे आणि शेपटी दुसरीकडे, दोन्ही घरांत एकदम. धाकटी बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीच्या कामाचा झाला होता. उद्या छापखान्यातला माणूस कागद द्यायला येणार होता, त्याच्याकडून ती पिंपं तळ्यात रिकामी करून घेणार होती. पाणी फार उतरलंय, माशांना उन्हाचा त्रास होईल, असं ती म्हणाली.

थोरलीने फटीकडे पाहिलं. आतल्या दगडावर जुनी पाण्याची रेघ होती, हिरवी आणि सरळ. पाणी तिथवर चढलं की पलीकडचं काहीच दिसणार नव्हतं.

"भरून घे," ती म्हणाली. "पण काठोकाठ नको. चार बोटं कमी भर."

"चारच?"

"चार. मोजून."

कुबडीच्या टोकाने झाकण दगडाखाली लोटलं गेलं, आणि थोरली हात पुढे करून त्याची वाट पाहत राहिली.