कोड शोधणाऱ्या अवजाराच्या चार ओळी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. मी एक जुनं वर्णन आहे, जेमतेम चार ओळींचं. झाशीच्या कडेला बिजौलीत, कारखान्यांच्या गल्लीतल्या एका लहानशा कचेरीत, संगणकाच्या पोटात माझा मुक्काम आहे.

या कचेरीत एक एआय एजंट काम करतो. कोडमध्ये काय बदल हवा ते सांगा, तो स्वतःच शोधतो, वाचतो, लिहितो. प्रत्येक कामाला त्याच्याजवळ वेगळं अवजार आहे. पण अवजार त्याला दिसत नाही. त्याला दिसतं फक्त अवजाराचं वर्णन. कोड शोधायच्या अवजाराचं वर्णन म्हणजे मी. मी बोलेन तेवढंच त्याला कळतं, आणि मी गप्प राहीन तिथे तो चाचपडतो.

मला कचेरीत कोड लिहिणाऱ्या पियूषने लिहिलं, चहा पिता पिता. 'हे वेगवान, ताकदवान अवजार आहे. कोडमधलं काहीही शोधून देतं.' त्या कौतुकात मी नवरदेवासारखा नटून बसलो. बरेच दिवस कुणाला काही खटकलं नाही.

जवळच पत्र्याच्या डब्यांचा कारखाना आहे. तिथल्या प्रेसवर अनुसूयाबाई बसतात. प्रेस वरून खाली येते, पत्रा दबतो, डबी होते. काही चुकलं तर लाल बटण. त्या प्रेसचा कोड आमच्या कचेरीतल्या शरदचंद्रकाकांनी लिहिलेला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीत. बाहेर सगळी हिंदी, पण काका भांडायचे मराठीत आणि कोडमधली नावंही मराठीतच ठेवायचे. अक्षरं इंग्रजी, शब्द घरचे. थांब, सोड, धर.

एकदा कारखान्याने सांगितलं, लाल बटणाने प्रेसबरोबर डब्या पुढे नेणारा पट्टाही थांबू दे. एजंटाने माझ्या भरवशावर 'स्टॉप' शोधलं. माझ्या अवजाराला अर्थ कळत नाही, अक्षरं जुळली तरच ते ओळ काढून देतं. एकही ओळ निघाली नाही. एजंटाला वाटलं, थांबवायची सोयच नाही. त्याने बटणाला आपला नवा 'स्टॉप' जोडला, आणि काकांचा 'थांब' बटणापासून सुटला. नव्या 'स्टॉप'ला पट्टा आवरायचा, पण प्रेस आवरणं फक्त 'थांब'लाच जमायचं.

नशीब, चाचणीला प्रेस रिकामी होती. बटण दाबलं, पट्टा थांबला. प्रेस मात्र पुन्हा एकदा खाली आली.

अनुसूयाबाई बघत होत्या. "मयुरा बेटा," त्या म्हणाल्या, "सोमवारी मलाच बसायचंय हिच्यासमोर. बोटं भगवानने जास्तीची नाही दिली."

मयुरा ही काकांची पुतणी, कचेरी तीच चालवते. "मावशी, बटणाने ही पक्की थांबते हे पाहिल्याशिवाय काम चालू होणार नाही," ती म्हणाली.

कचेरीत काका कुरकुरले, "माझा थांब तिथेच होता. कुणी हाकच मारली नाही त्याला."

"काका, तुम्ही पण ना. सारी दुनिया स्टॉप लिहिते," पियूष म्हणाला.

"मग दुनियेच्या प्रेसवर बस जा."

तेव्हा मयुराने मला उघडलं आणि हळूहळू वाचलं. इतकं लक्ष देऊन मला आजवर कुणी वाचलं नव्हतं.

पियूष म्हणाला, "दीदी, यातच लिहून टाकू, थांबवायची ओळ अमुक फाइलमध्ये. टेस्ट पास."

"म्हणजे पेपर फोडून पहिला नंबर. उद्या दुसऱ्या मशीनचं काम आलं की?"

दुसऱ्या मशीनांच्या कोडमध्ये काय काय शोधायचं, याचे प्रश्न तिने काकांकडून काढून घेतले आणि मला नव्याने लिहून होईपर्यंत ते पाहिले नाहीत. मग एजंट तोच, प्रश्न तेच, एकदा जुना मी, एकदा नवा मी. नशिबाने बरोबर येऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा. पहिल्या खेपेला तिने मला इतक्या सूचना चिकटवल्या, की एजंटाने माझं अवजार हातीच धरलं नाही. बिचारा एकेक फाइल उघडून वाचत बसला. पियूष खूप हसला. मयुराने पुन्हा कात्री चालवली.

शेवटी उरलो तो असा: 'हे अवजार फक्त अक्षरं जुळवतं, अर्थ ओळखत नाही. काही सापडलं नाही, तरी ते कोडमध्ये नाही असं समजू नये. इथली बरीच नावं इंग्रजी अक्षरांतले मराठी शब्द आहेत. इंग्रजी शब्द न सापडल्यास मराठी शब्दाने शोधावं.' ताकदवान गेलं, वेगवान गेलं. दागिने उतरले, अंग हलकं झालं.

काकांच्या प्रश्नांत जुना मी अडखळलो होतो. नव्या मला हाताशी धरून एजंट एकेक ओळ शोधत गेला. प्रेसचा 'थांब' त्याला सापडला, बटणाला पुन्हा जोडला गेला, आणि मयुराने तो जोड स्वतः तपासला.

सोमवारी अनुसूयाबाईंनी प्रेसखाली आधी चिंधी ठेवली आणि बटण दाबलं. प्रेस वरच्या वर थांबली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग चिंधी झटकून खांद्यावर टाकली आणि कामाला बसल्या.

त्यांना माझं नावही ठाऊक नाही. तरी मी त्यांचा ऋणी आहे, कारण त्यांच्या बोटांसाठी मला खरं बोलायला मिळालं. मयुराचा आहे, काकांचा आहे, आणि चहाच्या घोटासरशी मला जन्म देणाऱ्या पियूषचाही आहे.

मित्रांनो, कुणाच्या हाती अवजार द्याल, तेव्हा त्याला काय जमत नाही तेही सांगा. आणि शोधूनही काही सापडलं नाही, तर लगेच नाही म्हणू नका. ज्याने ते ठेवलं, तो त्याला कोणत्या नावाने हाक मारायचा, तेवढं एकदा विचारा.