बिनखिळ्याचं घर

घर पाहावं बांधून, अशी म्हण आहे. बांधलेल्या घरात राहून पाहावं, असं म्हण काही सांगत नाही, आणि योजनेच्या साहेबांनी तेवढीच म्हण पाठ केली होती.

गावात स्वस्त घरांची योजना आली तेव्हा पहिलं घर सुतारणीला मिळालं. दोन खोल्या, ओटा, मोरी, मागं संडास, भिंतींना फिका पिवळा रंग. फीत कापली, टाळ्या पडल्या, सुतारणीच्या हातावर किल्ली ठेवली, फोटो निघाला. फोटो निघताच साहेबांनी किल्ली परत घेतली.

"हे नमुना घर आहे, वहिनी. पाहुणे बघायला येतील. त्यांच्या पसंतीस उतरलं की बाकीच्यांची घरं मंजूर. तोवर जरा कळ काढा."

कळ काढता काढता वर्ष सरलं. पाहुणे यायचे, माना डोलवायचे, जायचे. सुतारीण नवरा, मुलगा आणि सुनेसह मागच्या जुन्या पत्र्याच्या खोपटातच राहत होती. रोज सकाळी ती आपल्याच घराची पायरी झाडायची आणि खोपटात परतायची. बाकीच्या गावाला घर नव्हतं. घर असून बेघर असण्याचा मान तिला एकटीलाच होता.

पाहुणे आले की साहेब कुलूप काढत आणि मग कुटुंबानं तिथं 'राहायचं'. सुतारानं खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचा, सुतारणीनं रिकाम्या पातेल्यात डाव फिरवायचा. शेगडी पेटवायची नाही, रंग काळवंडतो. पलंगावर टेकायचं नाही, चादर चुरगळते. नळ सोडायचा नाही, कारण नळाला पाणीच नव्हतं. आणि भिंतीला खिळा तर मुळीच मारायचा नाही. सुताराच्या घरात खिळ्याला बंदी! बिचारा पाहुणे गेल्यावर भिंतीवरून बोटं फिरवायचा आणि पुटपुटायचा, "इथं एक. आणि इथं एक."

सुतारणीनं हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण आता सून दवाखान्यात बाळंत झाली होती आणि उद्या नात घरी येणार होती. खोपटाच्या पत्र्यांना बोट जाईल एवढ्या फटी, त्यातून थंडीचे दिवस. बाळाला वारं लागू देऊ नका, छाती नाजूक आहे, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. सुतारणीनं फटींत चिंध्या कोंबून पाहिल्या, तर वारा दुसरीकडून शिरला. मग ती उठली आणि साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, उद्या नात येतेय. आता किल्ली द्या."

"वहिनी, उद्याच तर सगळ्यांत मोठे पाहुणे आहेत! आणि लहान मूल म्हणजे गादी ओली, भिंतीला हात..."

"चार दिवसांची पोर भिंतीला हात लावते होय?"

"आज नाही लावत. पण पुढं सवय लागते."

सुतारीण खोपटात येऊन रडली. दुःखानं कमी, संतापानं जास्त.

दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे आले. माणूस गोड होता. ओट्यावरून हात फिरवला, पातेल्यात डोकावून "वास छान येतोय" म्हणाला. मग एकाएकी साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांचा चेहरा पडला.

"संडास... सर, तो तूर्त बघण्यापुरता आहे."

संडासाखाली खड्डाच खणलेला नव्हता. भांडं नुसतं सिमेंटवर बसवलं होतं. शेवटी सुतारणीनंच पाहुण्यांना मागच्या जुन्या संडासाकडं नेलं. अडला हरी म्हणतात तसे ते मुकाट्यानं गेले. परतताना मात्र खोपटाच्या उघड्या दारापाशी थांबले. आत चुलीवर डाळ रटरटत होती, अंथरुणं पसरली होती, खिळ्याखिळ्याला कपडे, करवती, पिशव्या लटकत होत्या.

"इथं कोण राहतं?"

"आम्हीच की," सुतारीण म्हणाली. "त्या घराला कुलूप असतं."

मागून साहेब धावत आले. "राहायचे, सर, राहायचे! पूर्वी! जुनं घर आम्ही मुद्दाम जपलंय. तुलनेसाठी!"

पाहुण्यांचा चेहरा उजळला. "आधी आणि नंतर! वा! डाळसुद्धा शिजवत ठेवलीत? कमाल आहे. संध्याकाळी फोटोवाला पाठवतो. तोवर चमचाही हलवू नका."

वर्षभर पातेल्यात डाव फिरवून सुतारीणही नाटकात तयार झाली होती.

"खरंय," ती पाहुण्यांना म्हणाली. "पण जपायचं तर कुलूप हवं. उघडं राहिलं की माणसं शिरतात. राहायलाही लागतात."

"अगदी बरोबर! कुलूप आहे ना?"

कुलूप होतं. नमुना घराचं, साहेबांच्याच हातात. पाहुणे बघत होते, त्यामुळं सुटका नव्हती. "चूल तेवढी विझवते," म्हणून सुतारीण आत गेली. तिच्या मागोमाग सुतार शिरला आणि त्यानं हातोडा सदऱ्याखाली लपवला. एक खिळा खिशात टाकला. मग साहेबांनी स्वतःच्या हातानं खोपटाला कुलूप ठोकलं.

"वहिनी, आता तुम्ही..." पाहुणे गाडीकडं वळल्यावर साहेब कुजबुजले.

"आता आम्ही 'नंतर'मध्ये," सुतारीण म्हणाली. "संध्याकाळी फोटोवाला येईल तेव्हा घरात माणसं नकोत का?"

साहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पाहुण्यांनी गाडीतून हाक मारली, आणि ते तसेच धावले.

दुपारी मुलगा सुनेला आणि बाळाला घेऊन आला. सून सवयीनं मागच्या बाजूला वळली, तर खोपटाला कुलूप. पुढं पाहिलं, तर घराचं दार सताड उघडं. उंबऱ्याशी येऊन ती थांबली. छातीशी मूल धरून, पाऊल आत न टाकता, तिनं हळूच विचारलं,

"आई, पाहुणे गेले का? की बसून दाखवायचंय?"

सुतारणीनं पलंगावरची चादर हातानं चांगली चुरगळली आणि बाळासाठी हात पुढं केले.

"गेले गं. ये आत. चप्पल काढ कुठंही."

आतल्या खोलीत सुतारानं पहिला घाव घातला.