माह्याकडून आलं

आमच्या मुलचेऱ्याकडं सोयरीक जुळवताना पत्रिकेच्याही आधी सिकलसेलच्या रक्ततपासणीचं कार्ड मागतात. त्यात चूक काही नाही, त्या आजारानं इथली पोरं गेली आहेत. पण झालं असं, की कार्डावर 'नाही' लिहिलेलं असलं की माणसाचं सगळं रक्तच निर्दोष, असं आमच्या लोकांनी गृहीत धरलं. माझे बाबा, गुणवंतराव, तर घरातली तिन्ही कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारे.

म्हणून धानाच्या बांधीवर चार पावलं चालून मी मटकन बसायला लागले, तेव्हा बाबांनी ती पिशवी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंपुढं ठेवली. आम्ही तिघंही साफ, म्हणजे हे रक्तातलं नाही, असा त्यांचा दावा. मला लाज वाटली. बाई मात्र हसल्या नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्यावर, माझ्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यात, त्यांतून रक्त ढकलताना हृदय थकतं, असं त्यांनी सांगितलं. पेशीतून पोटॅशियम बाहेर जायला बारीकशी दारं असतात. ते दार घडवणाऱ्या माझ्या जनुकात बिघाड आहे, दार नीट उघडत नाही, म्हणून वाहिनी सैल पडत नाही. सिकलसेलचा आजार व्हायला आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही दोष यावा लागतो. माझ्या या आजाराला एकाचाच पुरतो. आणि ज्याच्याकडून येतो, त्याला कधीकधी जन्मभर काहीच होत नाही. दोघांचंही रक्त तपासू, त्या म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या, मला थोडं बरं वाटू लागलं, आणि घरात आईचं जेवण सुटलं. तिची मोठी बहीण, सत्यशीलामावशी, बाळंतपणानंतर अशीच धापा टाकत गेली होती. आई बोलायची काही नाही, पण माझ्याजवळ बसायचीही नाही. ताट पुढं सरकवायची आणि मागच्या सांदवाडीत, भाजीच्या वाफ्यांकडं निघून जायची. मला याचाच जास्त राग यायचा. आजाराला निदान गोळी होती, आईचं काय करायचं?

रिपोर्ट आणायला मी आणि बाबा गेलो. दोष आईकडून आला होता. तिचीही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लवकर करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

परतीच्या एसटीत बाबा चामोर्शीपर्यंत रिपोर्ट पुन्हा पुन्हा उलगडून पाहत होते. मग म्हणाले, "तिले सांगाचं नाई. माह्याकडून आलं म्हणतो मी."

मग तिला इकोला नेणार कसं, असं मी विचारलं. सगळ्यांचीच करायची आहे म्हणून नेईन, म्हणाले. त्यांचं मनात सगळं ठरवून झालं होतं. मी चिडले. खोटं बोलून माणूस बरा होत नसतो वगैरे बरंच सुनावलं. मग त्यांचे डोळे पाहिले आणि रिपोर्टची घडी करून त्यांच्याच खिशात सरकवली.

घरी आई लाखोळीची डाळ पाखडत होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"माह्याकडून आलं वो. माहीच चूक हाय."

सूप थांबलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बाबांनी आजवर एकही चूक आपली म्हणून कबूल केलेली नाही. वरण करपलं तर आईमुळं, हे समजू शकतं. पण सायकल पंक्चर झाली तरी आईनं निघताना हाक मारली म्हणून. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली.

"तुमी आन् चूक कबूल करून राह्यले?" ती म्हणाली. "मंग माह्याकडूनच आलं."

बाबा हटून बसले. रिपोर्टात तसंच लिहिलंय म्हणत राहिले, रिपोर्ट मात्र दाखवेनात. शेवटी त्यांनी तिच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं. "कोनाकडूनई आलं असंल. तू जेवत जा, बस."

आई रडली. मग माझ्याजवळ येऊन बसली, महिन्याभरात पहिल्यांदा, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझा श्वास तिच्या हाताखाली वरखाली होत राहिला. मला फार बरं वाटलं.

"धानाच्या रोवणीच्या टायमाले मलेई असाच दम लागते," ती हळूच म्हणाली. "मले वाटे, साऱ्यायलेच लागत असंल."

सव्वीस वर्षं एका घरात राहून बाबांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनी चपला घातल्या. नागपूरची पहिली गाडी किती वाजता सुटते, हे विचारायला ते शेजारी गेले.