पहिल्या धुण्याचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना पांढरा रुमाल आहे. खिशातला नव्हे, चर्चमधला. प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाचा प्याला एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडे जाताना मधे त्याची कड पुसायची, हे माझे काम. आता पाहुणे पाळक, म्हणजे धर्मगुरू, यायचे असले की मला चळतीच्या तळाशी सरकवतात. लाज वाटते, खोटे कशाला बोलू?

एका आजींनी मला तागाच्या नव्या कापडातून कापले, चारी बाजूंनी बारीक टीप घातली आणि मधोमध लाल दोऱ्याने क्रूस काढला. चर्चमधली कापडे त्याच धूत. दर वापरानंतरचे माझे पहिले धुणे वेगळ्या वाडग्यात, गार पाण्यात व्हायचे आणि ते पाणी कधी मोरीत जायचे नाही, दाराबाहेरच्या मातीत ओतले जायचे. प्याल्यातला द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, सगळ्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून क्रुसावर सांडलेले, अशी त्या माणसांची श्रद्धा. त्याचा एक थेंबही गटाराला लागू द्यायचा नाही. त्यामुळे माझी बडदास्त काय विचारता! खळ, कडक इस्त्री, कपाटात स्वतंत्र खण. भांडी पुसायच्या फडक्यांना तर मी मोजतच नसे.

एका रविवारी आजींची सून आपल्या लहान मुलीला घेऊन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली होती. सून प्याल्यातून प्यायली, पाळकांनी मला घेऊन कड पुसली, आणि तेवढ्यात मुलीच्या नाकातून भळाभळा रक्त आले. आईने मागचापुढचा विचार केला नाही. पाळकांच्या हातातून मला ओढले आणि लेकीच्या नाकाशी घट्ट धरले.

पहिल्या बाकावरून आजींचा आवाज आला, "अगं, कशाचा रुमाल आहे तो, काही भान आहे? नासवलास ना!"

जमिनीने पोटात घ्यावे, असा सुनेचा चेहरा झाला. मुलगी रडत होती. मी तिच्या रक्ताने भिजत होतो आणि माझ्या मनात एवढेच होते, की सगळे माझ्याकडे बघताहेत.

घरी आल्यावर आजींनी मला वाडग्यात आदळले आणि किटलीतले कढत पाणी वर ओतले. कढत पाण्याने रक्ताचा डाग कायमचा बसतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण राग डोक्यात गेलेला. पाणी गुलाबी झाले. वाडगा घेऊन त्या बाहेर निघाल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. त्या पाण्यात प्याल्यातले थेंब होते आणि नातीचे रक्तही. मातीत ओतावे की मोरीत?

मुलीची चौकशी करायला पाळक आले, तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या.

"पोरगी कशी आहे?" त्यांनी विचारले.

"झोपली आहे. हे पाणी कुठं ओतू, ते आधी सांगा."

पाळकांनी वाडग्यात पाहिले. "यातलं ख्रिस्ताचं कुठलं आणि तिचं कुठलं, वेगळं करता येईल?"

"ते कसं येईल?"

"मग दोन्ही मातीत जाऊ द्या, आजी. आपल्यापासून वेगळंच राहायचं असतं, तर त्यानं रक्त कशाला सांडलं असतं?"

आजींनी पाणी मातीत ओतले. सून मागे उभी होती. "यापुढं मी प्याला घ्यायला येणार नाही," ती म्हणाली. "माझी लायकी नाही."

ती शब्दाची पक्की निघाली. दर रविवारी ती मुलीला मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसू लागली. आजी मनातून पार ओशाळल्या होत्या, पण माफीचा शब्द काही ओठांवर येईना. घरात दोघींचे बोलणे मीठ-भाकरीपुरते उरले. कोपऱ्यावर तपकिरी डाग घेऊन मी कपाटात पडून होतो.

मग एका रविवारी आजींनी मलाच प्याल्यावर ठेवले, डाग वर करून. लोक कठड्याकडे निघाले, तेव्हा त्या उलट दिशेने शेवटच्या बाकाशी गेल्या.

"चल."

"तुम्ही व्हा पुढं, आई."

"माझी तरी कुठं लायकी आहे? लेकराचं रक्त वाहत होतं आणि मी कापडाकडे बघत होते. तो डागही तुझा नाही, मीच कढत पाणी ओतलं. माझं चुकलं, बाई. आणि जिथं माफी मिळते, तिथंच जायची लाज धरली, तर आपण दोघींनी जायचं कुठं?"

सुनेने डोळे पुसले, मुलीला कडेवर घेतले आणि त्या दोघी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या. पाळकांनी माझ्या डागाळलेल्या कोपऱ्यानेच कड पुसली.

मित्रांनो, आता माझी वीण विरली आहे. पांढऱ्या कापडांची काळजी घ्या, रक्ताला गार पाणी वापरा. पण कोणी जखमी दिसला, तर कापड किती मोलाचे आहे हे बघत थांबू नका. इतकी वर्षे ख्रिस्ताचे रक्त पुसूनही एका लेकराचे रक्त अंगाला लागले म्हणून मी शरमलो, आणि आज मला खरी लाज वाटते ती त्याचीच.